रुग्णालय शहराबाहेर जाताना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विंडसर हे कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातलं, डेट्रॉइट नदीकाठचं मोटार कारखान्यांचं शहर. तिथल्या विंडसर रीजनल हॉस्पिटलचं काम दोन जुन्या आवारांत विभागलेलं आहे. ही दोन्ही आवारं एका नव्या मोठ्या रुग्णालयात आणायचं ठरलं आणि २०१५ साली जागा निवडली गेली ती विमानतळापलीकडची, काउंटी रोड ४२ लगतची ६० एकर शेतजमीन. शहराच्या मध्यापासून ती सुमारे दहा-बारा किलोमीटर दूर आहे. ‘कॅम्प’ नावाच्या नागरिकांच्या गटाने तिला विरोध केला आणि तो वाद अनेक वर्षं चालला. जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालय गावाबाहेर न्यायचं निघालं की आपल्याकडेही काही ठरावीक वाक्यं ऐकू येतात. त्यातली काही विंडसरच्या अनुभवावर तपासून पाहू.

गैरसमज १ : विरोध करणाऱ्यांना नवं रुग्णालयच नको आहे.

वस्तुस्थिती : ‘कॅम्प’चा विरोध जागेला होता. जुन्या इमारती अपुऱ्या पडतात आणि दोन ठिकाणी तीच यंत्रणा चालवावी लागते, या अडचणी खऱ्याच आहेत. नवं रुग्णालय हवं, पण जिथे लोक दाट राहतात आणि जिथे बस जाते तिथे हवं, एवढंच या गटाचं म्हणणं होतं. शहराच्या जुन्या भागात कमी उत्पन्नाची, म्हातारी आणि स्वतःची गाडी नसलेली माणसं अधिक आहेत. त्यांच्या वतीने बोलणाऱ्यांना ‘विकासविरोधी’ ठरवलं की मूळ प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी टळते. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हे रुग्णालय विंडसरभोवतीच्या एसेक्स काउंटीतल्या गावांसाठीही आहे आणि तिथल्या अनेकांना नवी जागा सोयीची पडेल. म्हणून कोणाची वाट लांबणार आणि कोणाची कमी होणार, याचा हिशेब उघडपणे मांडायला हवा.

गैरसमज २ : एवढी मोठी जागा शहरात मिळणारच नाही.

वस्तुस्थिती : जागा मिळते की नाही, हे अट काय घातली त्यावर ठरतं. विंडसरमध्ये जागेसाठी प्रस्ताव मागवतानाच किमान ५० एकरांची अट होती. दाट वस्तीच्या शहरात एवढा सलग तुकडा मिळणं अवघड, त्यामुळे शहराचा मध्य सुरुवातीलाच बाद झाल्यासारखा होता. आपल्याकडेही वैद्यकीय महाविद्यालयासाठी किमान जमिनीची अट होती. महानगरांबाहेर ती साधारण २० ते २५ एकर असे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२० च्या नियमांत ही एकरांची अट काढून टाकली आणि प्रत्यक्ष लागणाऱ्या सोयींवर भर दिला. उंच इमारत बांधता येते, जुन्या आवाराची टप्प्याटप्प्याने पुनर्बांधणी करता येते. ते महागही पडू शकतं, पण निदान तोलून तरी पाहायला हवं.

गैरसमज ३ : रुग्णवाहिका चांगली असली की अंतराने काही बिघडत नाही.

वस्तुस्थिती : शेफील्डमधल्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या दहा हजारांहून अधिक तातडीच्या रुग्णांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. रुग्णालयाचं सरळ रेषेतलं अंतर १० किलोमीटरने वाढलं की शंभरामागे सुमारे एक मृत्यू जास्त, असं त्यात आढळलं. श्वसनाचा त्रास असलेल्यांना हे अंतर अधिक भोवलं.

पण ‘जवळचं तेच चांगलं’ हेही अर्धसत्य आहे. लंडनने २०१० साली पक्षाघाताचे सुरुवातीचे उपचार आठ खास केंद्रांत एकवटले. अनेक रुग्णांची वाट लांबली, तरी मृत्यू घटले, कारण पोहोचताच स्कॅन, तज्ज्ञ डॉक्टर आणि औषध तयार असे. सुसज्ज ठिकाणासाठी थोडं दूर जाणं फायद्याचं ठरू शकतं. त्या बदल्यात दूरच्या जागेने खरोखर जास्त काही दिलं पाहिजे आणि वाटेतली व्यवस्था आधी उभी राहिली पाहिजे.

शिवाय रुग्णालयात येणारे बहुतेक लोक रुग्णवाहिकेतून येत नाहीत. आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिसला येणारा, ओपीडीच्या रांगेत बसणारी गरोदर बाई, डबा घेऊन येणारे नातेवाईक, रात्रपाळी संपवून घरी निघालेली आया, या सगळ्यांना बस किंवा रिक्षा लागते. गरिबाची एक फेरी म्हणजे भाडं आणि बुडालेला रोज. तो खर्च झेपला नाही की उपचार अर्ध्यावर सुटतात.

गैरसमज ४ : बाहेरची जमीन स्वस्त, म्हणून प्रकल्प स्वस्त.

वस्तुस्थिती : जमिनीची किंमत हा एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो. शेतजमिनीपर्यंत पाणी, मलनिस्सारण, रुंद रस्ते आणि बस न्यावी लागते. हा खर्च रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात अनेकदा दिसत नाही, तो नगरपालिकेच्या खात्यावर पडतो. विंडसरमध्ये तर बांधकामातला स्थानिक वाटा उभा करण्यासाठीही मालमत्ता करदात्यांकडेच वळावं लागलं.

जुन्या जागेचीही किंमत असते. विंडसरचंच ग्रेस हॉस्पिटल २००४ साली बंद झालं आणि ती इमारत अनेक वर्षं ओस पडून राहिली. याउलट आपल्याकडे गोवा वैद्यकीय महाविद्यालय पणजीहून बांबोळीला गेलं. महामार्गालगतची ती जागा दोन्ही जिल्ह्यांतून येणाऱ्यांना सोयीची आहे. पणजीतली जुनी वास्तू पुढे जपली गेली आणि २००४ पासून तिथे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरू लागला. शहराबाहेर जाणं प्रत्येक वेळी चूकच असतं असं नाही. मात्र अशी वास्तू आपोआप टिकत नाही, तिचं काय करायचं हे कोणीतरी ठरवावं लागतं.

गैरसमज ५ : विरोधक दाद मागून हरले, म्हणजे त्यांचे मुद्दे खोटे होते.

वस्तुस्थिती : २०१८ साली विंडसरच्या नगर परिषदेने जमिनीच्या वापरातला बदल मंजूर केला. ‘कॅम्प’ने प्रांतिक नियोजन लवादाकडे अपील केलं, ते २०१९ च्या डिसेंबरमध्ये फेटाळलं गेलं. लवादापुढचा प्रश्न कायद्याचा होता : हा बदल नियोजन धोरणात बसतो का? गाडी नसलेली आजी तपासणीला कशी पोहोचणार, या प्रश्नाचं उत्तर त्या निकालाने मिळत नाही. ते नगर परिषदेला आणि रुग्णालयालाच द्यावं लागतं.

म्हणून आपल्या गावात असा प्रस्ताव आला तर नुसतं ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून थांबू नये. निविदा निघण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात. पहिली, तातडीचे उपचार, प्रसूती आणि डायलिसिस यांपैकी शहरात काय राहील. दुसरी, पहिल्या दिवसापासून कोणत्या मार्गाने, किती वाजेपर्यंत आणि किती भाड्यात बस धावेल. तिसरी, जुन्या आवाराचं काय होईल आणि त्यासाठी पैसा कोण देईल. ही उत्तरं मुदतीसह मिळाली तर स्थलांतराला साथ द्यावी. ती मिळेपर्यंत विरोध करणं हे जबाबदार नागरिकाचं काम आहे. रुग्णालय सगळ्यांच्या पैशातून उभं राहतं, तेव्हा तिथवर पोहोचणंही सगळ्यांना परवडलं पाहिजे.