मोटारसायकलचा हेडलाइट : बल्ब बदलण्यापूर्वी

सिल्वासाभोवतीच्या आमली, मसाट, पिपरिया आणि राखोली या भागांतील कारखाने पाळ्यांमध्ये चालत असल्यामुळे तेथील रस्त्यांवर रात्री उशिरा आणि पहाटेही मोटारसायकलींची वर्दळ असते, आणि शहराचे पथदिवे मागे टाकून खानवेल किंवा दुधनीच्या दिशेने निघालेल्या चालकाला पुढे बहुतेक ठिकाणी स्वतःच्या हेडलाइटखेरीज दुसरा उजेड मिळत नाही. त्याच रस्त्यांच्या कडेने पायी जाणारी माणसे, सायकलस्वार आणि गुरेही चालत असतात. त्यामुळे कंपनीने दिलेला बल्ब अपुरा वाटून जास्त ताकदीचा किंवा एलईडी बल्ब बसवून घेण्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे; परंतु उजेड वाढणे आणि रस्ता दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे 17 मीटर अंतर कापते. समोरचा अडथळा ओळखून ब्रेक दाबेपर्यंत दीड सेकंद गेला आणि ब्रेक उत्तम लागले, तरी कोरड्या रस्त्यावर थांबण्यासाठी एकूण सुमारे 50 मीटर लागतात आणि ओल्या रस्त्यावर त्याहून बरेच अधिक. हेडलाइटकडून खरी अपेक्षा आहे ती या अंतरापर्यंत उजेड पोहोचवण्याची. चाकापुढचे आठ-दहा मीटर लख्ख उजळल्याने हे काम होत नाही. उलट जवळचा भाग फार प्रखर झाला, तर डोळे त्या उजेडाला सरावतात आणि त्यापलीकडचा अंधार अधिकच गडद भासतो.

भारतात मोटारसायकलींमध्ये हॅलोजन बल्बचे दोन प्रकार विशेष प्रचलित आहेत. स्प्लेंडर किंवा पल्सरसारख्या गाड्यांमध्ये एचएस-1 हा 35/35 वॉटचा बल्ब आढळतो, तर रॉयल एनफिल्डच्या अनेक गाड्यांमध्ये एच-4 हा 60/55 वॉटचा बल्ब असतो. तिरक्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे आकडे अनुक्रमे अप्परचे आणि डिप्परचे असतात, कारण एकाच काचेत टंगस्टनच्या दोन तारा बसवलेल्या असतात. त्यांपैकी डिप्परच्या तारेखाली धातूची एक लहानशी वाटी असते. तारेचा खाली जाणारा प्रकाश ही वाटी अडवते, त्यामुळे परावर्तकाच्या, म्हणजे रिफ्लेक्टरच्या, केवळ वरच्या भागावर प्रकाश पडतो आणि तेथून तो रस्त्याकडे खाली वळतो. डिप्परच्या झोताला वरच्या बाजूस जी सरळ कड दिसते आणि जिच्यामुळे समोरच्या चालकाच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही, ती या रचनेतून निर्माण होते. तार तिच्या ठरलेल्या जागेपासून मिलिमीटरभर जरी सरकली, तरी झोताचा आकार बिघडतो.

हॅलोजनच्या जागी एलईडी बसवताना अडचण येते ती नेमकी येथे. तार चहूबाजूंनी प्रकाशते, तर एलईडीच्या चकत्या एका पट्टीच्या दोन सपाट बाजूंवर बसवलेल्या असतात आणि त्यांचा प्रकाश मुख्यतः त्या दोन दिशांना जातो. पट्टी जाड असली किंवा चकत्या तारेच्या नेमक्या जागी आल्या नाहीत, तर परावर्तकाला त्या प्रकाशाचा नीट झोत करता येत नाही; काही प्रकाश जवळच सांडतो, काही कडेच्या वर उडतो आणि दूरचा रस्ता मात्र पूर्वीइतकाच अंधारात राहतो. कारखान्यातून एलईडी हेडलाइटसह बाहेर पडणाऱ्या गाडीला हा आक्षेप लागू होत नाही, कारण तिचा परावर्तक किंवा भिंगच त्या प्रकाशस्रोतासाठी घडवलेले असते. हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला जर्मनीत 2020 मध्ये प्रथम परवानगी मिळाली, तीही सरसकट नव्हे, तर ठराविक वाहनांच्या ठराविक हेडलाइटपुरतीच.

एलईडीचा झोत थंड असला तरी चकतीची मागची बाजू बरीच तापते, म्हणून तिला उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंख किंवा छोटा पंखा जोडावा लागतो. तो मावावा म्हणून हेडलाइटमागचे रबरी आवरण कापले जाते, आणि सिल्वासासारख्या मुसळधार पावसाच्या भागात त्या फटीतून ओल आत शिरून परावर्तकाची चकाकी कायमची जाते. एवढी मोठी हानी काही शे रुपयांच्या बल्बपायी होऊ देणे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

100/90 वॉटच्या हॅलोजन बल्बची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या झोताचा आकार सहसा बिघडत नाही, पण 55 वॉटच्या डिप्परला 12 व्होल्टवर साडेचार अँपिअरच्या आसपास प्रवाह लागत असेल, तर 90 वॉटला साडेसात लागतो. मूळ वायर आणि हँडलवरचे स्विच एवढ्या प्रवाहासाठी केलेले नसल्याने ते तापतात, होल्डर वितळतो आणि प्लास्टिकचा परावर्तक काळवंडतो.

बहुतेक जुन्या गाड्यांमध्ये उजेड मंदावण्याचे मूळ बल्बमध्ये नसून वायरीमध्ये असते, आणि याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात सरळ घटत नाही, तर त्याहून कितीतरी वेगाने घटतो. बल्बची क्षमता 13.2 व्होल्टवर मोजली जाते; गंजलेल्या जोडांत आणि स्विचच्या झिजलेल्या पट्ट्यांत त्यातला एक व्होल्ट जरी हरवला, तरी जवळजवळ एक चतुर्थांश उजेड नाहीसा होतो. इंजिन चालू आणि हेडलाइट पेटलेला असताना बॅटरीवरचे आणि होल्डरवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने मोजले, की हा तोटा मेकॅनिकला लगेच कळतो. तो भरून काढण्यासाठी रिले बसवतात. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारा स्विच. तो बसवल्यावर हँडलवरच्या स्विचमधून अगदी थोडा प्रवाह जातो आणि बल्बचा प्रवाह बॅटरीकडून फ्यूजमार्गे, जाड आणि आखूड वायरीने थेट येतो. मूळ बल्ब तोच ठेवून केलेली ही दुरुस्ती पुष्कळदा नव्या बल्बापेक्षा अधिक उजेड देते. अनेक जुन्या गाड्यांमध्ये हेडलाइट बॅटरीवर नव्हे, तर इंजिनावर फिरणाऱ्या मॅग्नेटोच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर, म्हणजे एसीवर, चालतो. इंजिन मंदावले की दिवाही मंदावतो. तेथे वरील रिले तसाच बसवता येत नाही, आणि डीसीसाठी बनवलेला एलईडी बल्ब लुकलुकतो किंवा लवकर जळतो.

पांढऱ्याशुभ्र किंवा निळसर प्रकाशाचे आकर्षण मोठे असले, तरी पावसात त्याचा त्रास अधिक जाणवतो. पिवळा प्रकाश धुके भेदून जातो, हा समज मात्र खरा नाही. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा खूपच मोठे असल्याने ते सर्व रंग जवळजवळ सारखेच विखुरतात. फरक पडतो तो डोळ्यांत, कारण निळसर प्रकाशाची तिरीप माणसाला अधिक बोचते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 106 नुसार हेडलाइटचा प्रकाश कायम असा खाली वळलेला असावा लागतो किंवा चालकाला तो असा खाली वळवता यावा लागतो, की वाहनापुढे 8 मीटरवर, उजव्या बाजूस अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेले डोळे दिपू नयेत. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप पेटतो, त्यामुळे चुकीच्या बल्बचा जाच आता दिवसरात्र समोरच्यांना होतो. अरुंद रस्त्यावर तीन सेकंद डोळे दिपलेला चालक ताशी 60 च्या वेगाने 50 मीटर जवळजवळ आंधळेपणाने जातो. स्वतःला दिसावे म्हणून त्याला या स्थितीत लोटण्याचा अधिकार कोणालाही असू शकत नाही.

म्हणून बल्ब कोणताही असो, झोताची उंची तपासणे अपरिहार्य आहे. सपाट जागेवर भिंतीपासून 5 मीटरवर गाडी सरळ उभी करून, चालक वर बसलेला असताना डिप्पर लावला, तर झोताची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा सुमारे 5 ते 7 सेंटिमीटर खाली यायला हवी. मागे माणूस किंवा ओझे असले की गाडीची मागील बाजू दबून झोत वर उचलला जातो. सिल्वासाकडून वापीच्या स्टेशनकडे रोज दोघे मिळून जाणाऱ्यांनी ही मोजणी दोघे गाडीवर बसूनच केलेली बरी.