गावकर सापडले, मालवणकर हरवले!

आपल्या सिंधुदुर्गात पुष्कळदा आडनावावरून गाव ओळखता येते. मालवणचे ते मालवणकर, देवगडचे देवगडकर, कुडाळचे कुडाळकर. समजा, शाळेच्या पटावरील नावे संगणकात भरली आहेत आणि त्यांतून एकेका गावाची आडनावे शोधायची आहेत. दर गावासाठी नवी आज्ञा कशाला लिहायची? बीजगणितात ‘क्ष’ मानतो, तसा ‘गाव’ नावाचा चल मानू. त्याची किंमत आज ‘मालवण’, उद्या ‘देवगड’.

जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत अक्षरांचा नमुना शोधण्यासाठी ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ वापरतात. या कल्पनेचा पाया स्टीफन क्लीनी या अमेरिकन गणितज्ञाने १९५० च्या दशकात घातला. नमुना दोन तिरप्या रेघांमध्ये लिहितात. म्हणून आपण लिहिले:

/गावकर/

उत्तर काय आले? मालवणकर एकही नाही. पटावर गावकर आडनावाची मुले होती, तेवढीच हजर!

यंत्राचे चुकले का? मुळीच नाही. तिरप्या रेघांमधला ‘गाव’ त्याच्या लेखी चल नव्हेच. ती नुसती अक्षरे. मग किंमत आत जायची कशी? नमुना आधी जुळवायचा आणि मग यंत्राला द्यायचा:

न्यू रेगएक्स्प(गाव + "कर")

(संगणकावर पहिले दोन शब्द रोमन लिपीत लिहावेत, चलाचे नाव देवनागरीत चालते.) येथे ‘गाव’ अवतरणचिन्हांबाहेर आहे, म्हणून त्याची किंमत घेतली जाते, ‘कर’ आत आहे, म्हणून तो जसाच्या तसा राहतो. दोन्ही मिळून ‘मालवणकर’ हा नमुना तयार होतो.

मात्र एक खाचखळगा ध्यानात ठेवा. नमुन्यात टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक चिन्ह’ असा होतो. पटावर १.५ मीटर उंचीची मुले शोधण्यासाठी चलाची किंमत ‘१.५’ दिलीत, तर १३५ आणि १४५ हे हजेरी क्रमांकही सापडतील! टिंब हे टिंबच समजावे यासाठी त्याच्याआधी उलटी तिरपी रेघ द्यावी लागते. अवतरणचिन्हांत लिहिताना अशा दोन रेघा द्याव्यात.

तेव्हा यंत्राने ‘सापडले नाही’ म्हटले, की ‘नाहीच’ असे समजू नका. आपण नेमके काय विचारले, ते आधी तपासा.

आता एक कोडे. ‘गाव’ची किंमत ‘आचरा’ दिली, तर पटावरचे आचरेकर सापडतील का? नसल्यास किंमत काय द्यावी? करून पाहा.