मिहान ते हेमलकसा: जंगलात उतरलेले कलावंत

नोव्हेंबर २०१९ मध्ये नागपूरच्या मिहान परिसरात वाघ फिरत असल्याचं उघड झालं. एका बाजूला विमानतळ, दुसऱ्या बाजूला माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या इमारती, आणि मधल्या झुडपी माळावर वाघाचा वावर. वनविभागाने ट्रॅप कॅमेरे लावले आणि काही दिवस वर्धा रोडवर दुसरा विषय नव्हता. नागपूरकरांना नवल वाटलं तरी विश्वास बसणार नाही असं त्यात काही नव्हतं. पेंच आणि ताडोबा इथून दोन-अडीच तासांवर आहेत, बोर आणि उमरेड-कऱ्हांडला तर त्याहून जवळ. मुंबईहून विमानाने इथे उतरणाऱ्या चित्रपटाच्या चमूला मात्र शहर आणि जंगल यांतलं हे अंतर उमगायला वेळ लागतो. पटकथेच्या कागदावर ‘जंगल, दिवस’ एवढंच लिहिलेलं असतं. त्या दोन शब्दांमागे काय काय दडलंय, ते गाडीतून खाली उतरल्यावरच कळतं.

जंगलात न जाताही जंगलाचा चित्रपट करता येतो. किपलिंगने मोगलीला ज्या सिवनीच्या रानात वाढवलं, ते नागपूरहून जबलपूर रस्त्याने साधारण सव्वाशे किलोमीटरवर आहे. डिस्नेचा २०१६ चा ‘द जंगल बुक’ मात्र लॉस एंजेलिस शहरातल्या स्टुडिओत चित्रित झाला. नील सेठी हा लहानगा नट निळ्या पडद्यांपुढे धावला, आणि झाडं, नदी, शेरखान, बगीरा सगळं नंतर संगणकावर आलं. दृश्यपरिणामांचं ऑस्कर त्याला मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण सिवनीचा सागवान त्या पोराच्या पायाखाली कधी वाजला नाही.

मराठीत याच्या अगदी उलट उदाहरण आहे. १० ऑक्टोबर २०१४ रोजी ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे: द रिअल हीरो’ प्रदर्शित झाला. दिग्दर्शिका समृद्धी पोरे व्यवसायाने वकील. त्यांचा आधीचा ‘मला आई व्हायचंय!’ राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत पोचला होता. आदिवासींवर उपचार करणाऱ्या डॉक्टर आमटे दांपत्याची गोष्ट समृद्धींनी त्या दोघांच्याच कर्मभूमीत, गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशात जाऊन चित्रित केली. प्रकाश आमट्यांच्या भूमिकेत नाना पाटेकर, मंदाताईंच्या भूमिकेत सोनाली कुलकर्णी.

मिहानवरून वर्धा रोड धरला की वरोरा लागतं. प्रकाश आमट्यांचे वडील बाबा आमटे यांचं आनंदवन इथलंच. पुढे चंद्रपूर, बल्लारपूर, आष्टी, आलापल्ली, आणि तिथून भामरागडचं दाट रान, त्यातच हेमलकसा. एकूण साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. चित्रीकरणासाठी लागणारी प्रत्येक वस्तू याच रस्त्याने न्यायची. दिव्याचा बल्ब गेला, तार तुटली तर दुसरी आणायला कोपऱ्यावर दुकान नाही. पावसाळ्यात तर विचारच सोडायचा, कारण पर्लकोटा नदीला आणि नाल्यांना पूर आला की भामरागड तालुक्याचा संपर्कच तुटतो. गडचिरोली हा राज्यातल्या सर्वाधिक मलेरियाच्या जिल्ह्यांपैकी एक. शिवाय तेव्हा नक्षलवादाचं सावट होतं. ८ ऑक्टोबर २००९ रोजी याच तालुक्यातल्या लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले होते. त्या घटनेला फार वर्षं झालेली नसताना इथे चित्रपट करायचा, हा निर्णयच धाडसाचा होता.

प्रकाश आणि मंदाताई दोघंही नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. २३ डिसेंबर १९७३ रोजी आदिवासींच्या आरोग्यासाठी आणि शिक्षणासाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा हेमलकशात वीज नव्हती की धड रस्ता नव्हता. तिथल्या माडिया आदिवासींच्या अंगावर कपडा नाही, हे पाहून प्रकाशभाऊंनी आपला पेहराव पांढरी अर्धी चड्डी आणि बनियन एवढ्यावर आणला, तो कायमचा. नटाच्या दृष्टीने हा पेहराव फार अवघड आहे. शहरी भूमिकेत कोट, खिसे, चष्मा यांच्या आडोशाने हातांना काहीतरी काम मिळतं. इथे आडोसाच नाही. उघड्या दंडांना आणि पोटऱ्यांना काटे, डास, गोमाशा, थंडी सगळं थेट लागणार. अशा अंगाने माणूस कसा उभा राहतो, कसा उकिडवा बसतो, जखमी रुग्णाजवळ किती सावकाश जातो, हे तिथे राहूनच अंगात येतं. नानांचा आमटे कुटुंबाशी अनेक वर्षांचा घरोबा, म्हणून ज्याची भूमिका करायची तो माणूस त्यांना नव्याने ओळखून घ्यायचा नव्हता. हा फायदा खरा, पण त्याचं दडपणही असतं. जिवंत माणूस समोर उभा असताना त्याच्याच अंगणात त्याचीच भूमिका करायची!

सोनालीचं काम याहून कठीण होतं, असं मला वाटतं. मंदाताई कमी बोलणाऱ्या. भूल देण्यात प्रशिक्षित डॉक्टर, शिवाय संसार, शाळा आणि रुग्णालय असा तिहेरी भार. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला, तरी गोष्ट सांगताना पुष्कळदा एकाच नावापाशी थांबली जाते. सोनालीने मंदाताई उभ्या केल्या त्या नजरेतून आणि कामाच्या लयीतून. हेमलकशाच्या दवाखान्याचं वातावरण भोवती नसतं, तर हे संयत काम फिकं वाटण्याचा धोका होता.

जंगल नटाला काय शिकवतं, याचं एक व्यावहारिक उत्तर आवाजात आहे. फेब्रुवारी-मार्चपासून सागाची पानं गळतात. जमिनीवर त्यांचा जाड थर बसतो आणि त्यावर पाऊल पडलं की पापड मोडल्यासारखा आवाज होतो. जागेवरच ध्वनिमुद्रण चालू असेल, तर संवादाच्या मध्ये एक पाऊल चुकलं की टेक गेला. मग नट पाऊल दाबून टाकायला शिकतो, बोलण्याआधी थांबायला शिकतो. वनमजूर आणि वनरक्षक नेमकं असंच चालतात. उजेडाचंही तसंच. हिवाळ्यात भरल्या झाडाखाली सकाळी उशिरापर्यंत अंधूक असतं, आणि एप्रिलमध्ये त्याच जागी डोळे दिपवणारं ऊन. दुपारी चंद्रपूर-गडचिरोलीत पारा पंचेचाळिशीच्या वर जातो. तेव्हा कपाळावरचा घाम रंगभूषाकाराला लावावा लागत नाही.

विद्या बालनच्या ‘शेरनी’तही असंच चालणं दिसतं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगाव पट्ट्यात तेरा माणसांचे बळी अवनी ऊर्फ टी-१ या वाघिणीशी जोडले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ तिला गोळी घालण्यात आली. त्या घटनाक्रमाची छाया ‘शेरनी’वर स्पष्ट आहे. दिग्दर्शक अमित मसुरकर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीमुळे चित्रीकरण थांबलं, ऑक्टोबरमध्ये पुन्हा सुरू झालं, आणि १८ जून २०२१ रोजी चित्रपट आला. विद्याची वनाधिकारी ओरडत नाही, धावत नाही. ती पाहते, ऐकते, चालते. वाघीण पडद्यावर क्वचितच येते आणि तरी प्रत्येक दृश्यात तिची जाणीव राहते.

वाघ समोर न आणण्याला कायद्याचंही कारण आहे. प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली वाघ, बिबट्या, सिंह, अस्वल आणि माकड यांना खेळासाठी शिकवण्यावर आणि त्यांचं प्रदर्शन करण्यावर बंदी आहे. म्हणजे समोरच्या रिकाम्या झुडपाकडे पाहून नटाला वाघ पाहिल्याची भीती डोळ्यांत आणायची असते. हॉलिवूडच्या ‘द रेव्हेनंट’साठी लिओनार्डो डिकॅप्रिओ कॅनडाच्या बर्फात राबला, कच्चं काळीज खाल्लं. बर्फ संपला म्हणून चमू थेट अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला गेला. पण त्याच्यावर झेप घेणारं अस्वल तिथेही संगणकातलंच होतं.

मसुरकरांचाच आधीचा ‘न्यूटन’ (२०१७) दंडकारण्यातल्या मतदानाचा. त्याचं चित्रीकरण छत्तीसगडमधल्या दल्ली-राजहरा भागात झालं. राजकुमार राव, पंकज त्रिपाठी, रघुवीर यादव यांच्यासोबत नाशिकची अंजली पाटील गोंडी जाणणाऱ्या स्थानिक शिक्षिकेच्या भूमिकेत होती. चित्रपटात स्थानिक आदिवासींनीही कामं केली. कसलेल्या नटांची खरी परीक्षा इथेच होते. ज्याने कधी कॅमेरा पाहिला नाही तो माणूस मतदान यंत्राकडे जसा पाहतो, त्या नजरेशेजारी अभिनयातला कृत्रिमपणा लगेच उघडा पडतो. हेमलकशाच्या चित्रपटातही माडियांशी नटाचं नातं पडद्यावर पटलं नसतं, तर बाकी सगळा खटाटोप वाया गेला असता.

एक गोष्ट मात्र सलते. अवनी यवतमाळची, पण तिच्या कथेची छाया असलेला चित्रपट घडला मध्य प्रदेशात. त्या राज्याने २०२० मध्ये चित्रपट पर्यटनाचं धोरण आणलं, अनुदान दिलं, परवानग्या सोप्या केल्या, आणि अडुसष्टाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत चित्रपटस्नेही राज्याचा मान मिळवला. आपल्याकडे विमानतळ आहे, रस्ते आहेत, ताडोबासारखं १९५५ पासूनचं राष्ट्रीय उद्यान आहे. रामटेक परिसरात चित्रनगरीची घोषणाही झाली आहे. अभयारण्यात कॅमेरा न्यायचा तर वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीने अटही स्पष्ट केली आहे: अधिवासात कसलाही बदल करायचा नाही, वन्यजीवांना बाधा पोचवायची नाही. ही अट नेमकी कशी पाळायची, हे विदर्भातल्या वनमजुरांना आणि वाटाड्यांना ठाऊक आहे. माडिया आणि गोंडी बोलणारी शिकलेली मुलं आता गावोगाव आहेत. चित्रनगरीचा आराखडा करणाऱ्यांनी स्टुडिओच्या भिंती मोजण्याआधी या लोकांच्या प्रशिक्षणाचा आणि मानधनाचा हिशेब मांडावा.