गाडी भरवशाची की हौसेची?

जुनी लहान मोटार घ्यायची आहे. पण स्विफ्ट घ्यावी की पोलो, असा पेच तुम्हांला पडला आहे ना? स्विफ्ट २००५ साली भारतात आली, ती आजही बनते. तिचे सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात. चाकणला बनणारी पोलो २०२२ साली बंद झाली. तिच्या २०१३ सालच्या ‘जीटी टीएसआय’ला २ क्लचांचा गिअरबॉक्स : एक सुटतो न सुटतो तोच दुसरा पकडतो. घाटात काय मौज येते म्हणता! पण तो बिघडला, तर जाणता मिस्त्री हवा आणि खिसाही जड हवा. तेव्हा आधी स्वतःलाच विचारा : अपरात्री घरच्या माणसाला दवाखान्यात न्यायला दारात हीच एक गाडी का? असेल, तर भरवसा घ्या. नसेल, तर हौस खुशाल पुरवा.