हॅमस्टरचा हिवाळा आणि लायडिग पेशीचा शेजार

सीरियात अलेप्पोजवळच्या शेतातल्या बिळातून १९३० मध्ये सोनेरी हॅमस्टरची एक मादी आणि तिची पिल्लं खणून काढली गेली. प्रयोगशाळांतले बहुतेक सोनेरी हॅमस्टर त्यांचेच वंशज. या जातीच्या नराला रोज साडेबारा तासांपेक्षा कमी उजेड मिळू लागला, की काही आठवड्यांतच त्याचे वृषण आक्रसतात. कडाक्याच्या थंडीत पिल्लं जगायची नाहीत, मग शक्ती कशाला दवडायची?

दिवसाची लांबी शरीराला कळते ती रात्रीवरून. अंधार पडला की मेंदूतली पिनिअल ग्रंथी मेलाटोनिन सोडते. रात्र लांबली की त्याचा अंमलही लांबतो. हॉफमन आणि रायटर या संशोधकांनी १९६५ मध्ये हॅमस्टरची ही ग्रंथीच काढून टाकली, तेव्हा अंधारात ठेवूनही वृषण आक्रसले नाहीत. एरवी मेलाटोनिनचा हा निरोप मेंदूतून पियुषिका ग्रंथीकडे जातो. तिच्याकडून येणारं एलएच हे संप्रेरक मंदावतं आणि वृषणातल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन कमी बनवतात.

हुकूम वरून येतो आणि पेशी तो निमूट पाळते, एवढ्यावरच गोष्ट संपत नाही. लायडिग पेशींना खेटून मॅक्रोफेज असतात. जंतू गिळणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या या पेशी. उंदराच्या वृषणाचा पातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहा: लायडिग पेशीची बोटांसारखी टोकं शेजारच्या मॅक्रोफेजच्या खळग्यांत थेट रुतलेली दिसतात. मला हे दृश्य फार विलक्षण वाटतं. मॅक्रोफेज कोलेस्टेरॉलपासून एक पदार्थ बनवतो आणि लायडिग पेशी त्यापासून टेस्टोस्टेरॉन घडवते. म्हणजे शेजारी चक्क कच्चा माल पुरवतो! संसर्ग झाला की मात्र हाच शेजारी इंटरल्युकिन-१सारखे दाहक पदार्थ सोडतो आणि काम थंडावतं. औषधाने लायडिग पेशी नष्ट केल्या तर एरवी त्या काही आठवड्यांत पुन्हा उगवतात. मॅक्रोफेजही काढून घेतले, तर उगवत नाहीत.

दिवसाच्या लांबीचा हिशेब प्रतिकारयंत्रणेपर्यंतही पोचतो. सैबेरियन हॅमस्टरला जंतूंच्या आवरणातला अंश टोचला तर त्याला ताप येतो. लहान दिवसांत ठेवलेल्यांचा ताप लवकर उतरतो. आजारपणावर खर्च करायला हिवाळ्यात शिल्लक थोडी असते.

आणि दिवस लहानच ठेवले तरी पाचेक महिन्यांनी वृषण आपोआप वाढू लागतात. वसंत यायच्या आधीच, बिळातल्या अंधारात.