कोकणात निघण्याआधी चालकाची झोप मोजा

मुलांच्या परीक्षा संपल्या आणि शेतातली कामे जरा मोकळी झाली की इंदापूर-बारामती भागातल्या अनेक घरांत कोकणचा बेत शिजू लागतो. वरकुट्याहून बारामती, फलटण, सातारा, पाटण, कुंभार्ली घाट आणि चिपळूण असा रस्ता धरला तर गुहागरचा समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास. तिथून किनाऱ्याने वेळणेश्वर, हेदवी, तवसाळ, मग फेरीबोटीने शास्त्री नदीची खाडी ओलांडून जयगड आणि पुढे गणपतीपुळे. रेवस ते रेडी या सागरी मार्गाचा हा टप्पा पाहावा असाच आहे.

निघण्याची वेळ मात्र बहुतेक घरांत आधीच ठरलेली असते. ‘रात्री जेवून निघू. रस्ता मोकळा मिळतो, ऊन लागत नाही, पोरे झोपून जातात आणि सकाळी थेट समुद्रावर.’ यातले सगळे मुद्दे खरे आहेत. फक्त गाडी चालवणाऱ्याचा विचार त्यात नाही.

न पिता चढणारी नशा

दुभती जनावरे असलेल्या घरात दिवस पहाटे पाचला धारा काढण्याने सुरू होतो. त्या माणसाने दिवसभर काम करून रात्री दहाला स्टिअरिंग हाती घेतले, तर तो सलग १७ तास जागा असतो. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत एक तुलना मांडली. सलग १७ तास जागे राहिलेल्या माणसाची हात आणि नजर यांची सांगड इतकी ढिली होते, जितकी रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असताना होते. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याने घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे थेंबभर दारू न घेताही हा चालक गाव सोडतानाच ती रेषा ओलांडून गेलेला असतो. २४ तासांच्या जागरणानंतर हाच आकडा १०० मिलिग्रॅमच्या घरात जातो.

त्यात शरीराचे स्वतःचे घड्याळ असते. पहाटे दोन ते सहा आणि दुपारी दोन ते चार या वेळांत झोपेची ओढ सर्वाधिक असते. रात्री दहाला निघालेली गाडी कुंभार्ली घाटात पोहोचते ती साधारण पहाटे तीन-चारला. प्रवासातली सर्वांत अवघड वळणे आणि मेंदूची सर्वांत मंद वेळ नेमकी एकत्र येतात.

अशा वेळी माणूस आडवा होऊन झोपत नाही. दोन-चार सेकंदांची डुलकी लागते आणि बऱ्याचदा ती त्याला स्वतःलाही कळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चार सेकंदांत जवळजवळ ९० मीटर अंतर चालकाविना कापले जाते.

काच उघडून काय होते?

काच खाली करणे, मोठ्याने गाणी लावणे, तोंडावर पाणी मारणे या उपायांनी तरतरी आल्यासारखी वाटते, पण ती काही मिनिटेच टिकते. झोपेवर उपाय झोपच. सतत जांभया येणे, डोळे चुरचुरणे, गाडी लेनबाहेर सरकणे, गेले दोन-तीन किलोमीटर कसे आलो ते न आठवणे ही थांबण्याची खूण. पंपावर किंवा ढाब्यावर, उजेडाच्या सुरक्षित जागी गाडी लावावी. चहा-कॉफी घ्यावी आणि लगेच १५-२० मिनिटे झोपावे. कॉफीतल्या कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. उठल्यावर पाच-दहा मिनिटे पाय मोकळे करून मगच निघावे. मात्र हा तात्पुरता आधार आहे. याच्या भरवशावर रात्र काढू नये.

सरळ हिशेब असा : एक दिवस धारांची सोय शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे लावावी, चालकाने रात्री नऊला झोपावे आणि पहाटे पाचला निघावे. घाट उजेडी पार होतो आणि दुपारच्या पेंगेआधी गुहागर गाठता येते.

मागच्या सीटवरची मंडळी

दिवसा निघाले की मुले जागी राहतात आणि घाटात उलट्यांची भीती असते. कानाच्या आतल्या भागाला गाडी वळल्याचे कळते, पण मोबाइलवर खिळलेले डोळे सगळे स्थिर असल्याचे सांगतात. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. घाटात मोबाइल बंद ठेवावा, मुलांना लांबवर समोर पाहायला सांगावे, निघताना पोट तुडुंब भरू नये. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्यापूर्वी द्यावी. प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देत नाहीत. अशा गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे चालकाने त्या घेऊ नयेत.

आजी-आजोबांची काळजी पायांची. चार तासांहून अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात नोंदले आहे. मुळात हा धोका लहान आहे, सहा हजारांत एकाच्या आसपास. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, गरोदर, बाळंतीण किंवा पूर्वी गुठळी झालेल्या व्यक्तींनी आधी डॉक्टरांशी बोलावे. दर दोन तासांनी उतरून चालावे, पाणी पीत राहावे. लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणी टाळू नये. फेरीबोटीवर गाडीतच बसून न राहता उतरून उभे राहावे. एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणे, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखणे, यांपैकी काही दिसले तर तातडीने रुग्णालय गाठावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटात ११२.

समुद्र दिसल्यावर

रात्रभराच्या जागरणानंतर थेट पाण्यात उतरणे हा या बेताचा दुसरा धोका. विहिरीत, कालव्यात किंवा उजनीच्या पाण्यात पोहणाऱ्याला समुद्राची ओढ ठाऊक नसते. किनाऱ्यावर आलेले पाणी काही ठिकाणी चिंचोळ्या प्रवाहाने वेगात परत जाते. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते. या प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याकडे झटापट करू नये, दमून माणूस बुडतो. तरंगत राहून हात वर करावा आणि किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर यावे. उतरण्यापूर्वी स्थानिकांना विचारावे, त्यांनी नको म्हटले तर उतरू नये.

परतीच्या दिवशीही हाच हिशेब लागू आहे. रविवारी दुपारपर्यंत समुद्रात खेळून, माशाचे भरपेट जेवण करून तीनला निघणारी गाडी ऐन पेंगेच्या वेळी रस्त्याला लागते. सोमवारी सकाळी कामावर हजर व्हायचे असेल, तर रविवारी सकाळीच नाश्ता करून निघावे. ते जमत नसेल तर मुक्काम एका दिवसाने कमी करावा. चालकाची झोप मात्र कमी करू नये.