फर्नांडिस, रेमो
फर्नांडिस, रेमो : (८ मे १९५३ – ). गोमंतकीय गायक, गीतकार, संगीतकार व बहुवाद्यवादक. पाश्चात्त्य पॉप व रॉक, गोव्याचे लोकसंगीत आणि अन्य देशांतील नृत्यगीते यांच्या संयोगातून भारतीय इंग्रजी गीताची स्वतंत्र वाट निर्माण करणाऱ्या कलावंतांमध्ये त्यांची गणना होते. पूर्ण नाव लुईस रेमो द मारिया बेर्नार्दो फर्नांडिस. बार्देश तालुक्यातील शिवोली हे त्यांचे गाव. गोवा पोर्तुगीज अमलाखाली असतानाच त्यांचे बालपण सुरू झाले. घरी पोर्तुगीज व कोकणी गाणी कानांवर पडत आणि त्याच वयात रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रिकांशीही परिचय झाला. शालेय वयातच त्यांनी मित्रांसह वाद्यवृंद काढला. पुढे मुंबईत वास्तुशास्त्राचे पदवीशिक्षण घेत असताना ‘द सॅव्हेजेस’ या तत्कालीन प्रसिद्ध वृंदात ते सहभागी झाले. शिक्षणानंतर १९७०–८० या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी यूरोप व उत्तर आफ्रिकेत भ्रमंती केली आणि तेथील वृंदांबरोबर संमिश्र संगीताचे प्रयोग केले.

गोव्यास परतल्यावर ध्वनिमुद्रण संस्थांकडून अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. गोव्याविषयीची इंग्रजी गीते खपणार नाहीत, हा त्या काळचा सर्वसाधारण व्यापारी समज होता. तेव्हा फर्नांडिस यांनी शिवोलीच्या राहत्या घरात चार पट्ट्यांच्या ध्वनिमुद्रकावर गोअन क्रेझी (१९८४) ही ध्वनिफीत स्वतः तयार केली. काव्य, चाली, गायन, सर्व वाद्यांचे वादन, ध्वनिमिश्रण व वेष्टनाचे रेखाटन ही सारी कामे एकट्याची होती. ध्वनिफितींचे वाटपही ते स्कूटरवरून दुकानोदुकानी फिरून करीत. कमी खर्चात प्रती काढता येणारी ध्वनिफीत हे साधन सुलभ झाल्यामुळेच हा उपक्रम शक्य झाला. पुढील वर्षी आलेल्या ओल्ड गोअन गोल्ड या ध्वनिफितीत त्यांनी जुनी गोमंतकीय गीते नव्या वाद्यमेळात सादर केली.

या दुसऱ्या संग्रहाचे महत्त्व समजण्यासाठी गोमंतकीय गानपरंपरा ध्यानात घ्यावी लागते. एकोणिसाव्या शतकात घडलेला मांडो हा संथ लयीतील नृत्यगीतप्रकार असून त्याचा विषय बहुधा प्रेम व विरह हा असतो. व्हायोलिन व घुमट ही त्याची पारंपरिक साथ होय. मांडोनंतर जलद लयीतील दुलपद गातात. घुमट हे मातीच्या भांड्याच्या एका तोंडावर चामडे ताणून बनविलेले वाद्य असून हिंदू व ख्रिस्ती दोन्ही समाजांत ते वाजविले जाते. शासनाने २०१९ मध्ये त्यास गोव्याचे वारसावाद्य म्हणून घोषित केले. चर्चमधून शिकविल्या जाणाऱ्या पाश्चात्त्य स्वरसंवादाचा आणि स्थानिक लयीचा मेळ गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या घडत आला होता. फर्नांडिस यांचा संयोग म्हणूनच उसना वाटत नाही. जुन्याच प्रक्रियेचा तो पुढचा टप्पा होय.

मुंबईतील ‘एड भोपाळ’ कार्यक्रम (१९८६) व जलवा (१९८७) या हिंदी चित्रपटाचे शीर्षकगीत यांमुळे त्यांचे नाव देशभर पोहोचले. त्यापूर्वी श्याम बेनेगल यांच्या त्रिकाल (१९८५) या गोमंतकीय पार्श्वभूमीच्या चित्रपटात ते अभिनेता म्हणून दिसले व त्याच्या संगीतातही त्यांचा वाटा होता. पॅक दॅट स्मॅक (१९८६) मधील अमली पदार्थांविरुद्धचे शीर्षकगीत आणि बॉम्बे सिटी (१९८७) यांतून त्यांची सामाजिक टीका स्पष्ट झाली. पंतप्रधान राजीव गांधींच्या उपस्थितीत त्यांनाच उद्देशून गायिलेल्या गीतात गोव्याच्या व्यथा त्यांनी थेट मांडल्या. यावर वृत्तपत्रांतून कठोर टीका झाली. तथापि गीत आवडल्याचे पत्र पंतप्रधानांनी पाठविल्यावर तो वाद निवळला. राजभाषा व घटक राज्याचा दर्जा या प्रश्नांवरून गोवा तेव्हा ढवळून निघाला होता. राज्याची स्थापना ३० मे १९८७ रोजी झाली.

बॉम्बे (हिंदी आवृत्ती, १९९५) मधील ‘हम्मा हम्मा’ व प्यार तो होना ही था (१९९८) चे जसपिंदर नरुला यांच्यासह गायिलेले शीर्षकगीत ही त्यांची विशेष लोकप्रिय चित्रपटगीते होत. ओ मेरी मुन्नी (१९९८) हा त्यांचा हिंदी पॉप संग्रह. सिंफनिक चँट्स (२००३) मध्ये संस्कृत मंत्रांस त्यांनी पाश्चात्त्य वाद्यमेळाची जोड दिली. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री किताब मिळाला. त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

याच काळात ब्रिटनमध्ये घडलेला समांतर प्रयोग उद्‌बोधक आहे. रेगे हा संगीतप्रकार १९६० नंतरच्या दशकात जमेकात उदयास आला. चार मात्रांच्या आवर्तनात गिटारचे तुटक आघात दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येणे आणि मंद्र गिटारला प्राधान्य असणे, ही त्याची लक्षणे. कॅरिबियन स्थलांतरितांबरोबर तो ब्रिटनमध्ये रुजला. बर्मिंगहॅममधील पंजाबी कुटुंबात १९६७ मध्ये जन्मलेल्या स्टीव्हन कपूर या गायकाने ‘अपाची इंडियन’ या नावाने रेगे व भांगडा यांचा संयोग केला. ‘बूम शॅक-अ-लॅक’ (१९९३) हे त्याचे गीत ब्रिटिश विक्रीसूचीत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. कपूर यांचा संयोग स्थलांतरितांच्या शेजारातून घडला, तर फर्नांडिस यांचा मायभूमीच्या दीर्घ वासाहतिक इतिहासातून.

लोकप्रिय गायकाची कारकीर्द सामान्यतः त्याच्या गाजलेल्या गीतांच्या निवडक संग्रहावरून मोजली जाते. फर्नांडिस यांच्याबाबतीत ही कसोटी अपुरी ठरते. चित्रपटगीतांनी त्यांना कीर्ती दिली, परंतु त्यांतील शब्द वा चाली बहुधा इतरांच्या होत्या. त्यांची खरी कामगिरी घरच्या ध्वनिमुद्रणातून साकारलेल्या आरंभीच्या संग्रहांत आढळते. आपल्या गावाविषयी, आपल्या उच्चारांत व स्वतःच्या साधनांनी गाणे शक्य आहे, हे त्यांनी दाखवून दिले.